वर न चढणारं पाणी

दिवे घाटात दम खायला थांबलो की खाली मस्तानी तलाव दिसतो. डोंगराच्या कुशीत असा बसलाय की पेशवेकाळात माणसांनी बांधलेला आहे हे सांगावं लागतं. सासवड, जेजुरी, वाल्हं मागे पडलं आणि नीरेला माऊलींच्या पादुकांना स्नान झालं. मीही ओंजळ भरून घेतली. याच पाण्याला वर वीर धरणानं अडवलेलं, त्याच्याही वर 1928 साली पूर्ण झालेलं भाटघर. तरी ती मला नदीच वाटली.

लोणंद ओलांडल्यावर नीरेचा उजवा कालवा भेटतो. मुळात हा पर्जन्यछायेचा प्रदेश. कालव्याच्या खालच्या अंगाला उसाचं हिरवंगार रान, वरच्या अंगाला खडकाळ माळ, बोरी-बाभळी आणि मेंढरं. माती तीच, पाऊस तोच. उतारानं वाहणाऱ्या पाण्याची रेघ माणसानं कुठून ओढली, एवढ्यावर सगळं ठरलेलं.

आमच्या दिंडीतल्या एक काकू फलटण तालुक्यातल्याच. डोक्यावरची तुळस सावरत म्हणाल्या, "आमचं रान वरच्या अंगाला. पाणी रोज दिसतं गं माऊली, पण चढत न्हाई." मला काही बोलता आलं नाही. टाळ वाजवत राहिले.

पुढचं ऊन मात्र फार लागलं. मी पहिल्यांदा वारीला आले तेव्हा या वाटेवर वडा-चिंचांची सावली होती. ती झाडंही कुणीतरी लावलेली, कुणीतरी पाणी घालून जगवलेली. रुंदीकरणात कितीतरी गेली. रस्ता हवा होता हे मान्य, पण वडाच्या सावलीची भरपाई दुभाजकातल्या कण्हेरीनं होत नाही, हे दुपारी अनवाणी चालणाऱ्याला विचारावं.

वाखरीनंतर पाय आपोआप उचलत होते. चंद्रभागेत उतरलो तेव्हा काकूंनी विचारलं, "हे उजनीचंच पाणी ना?"

"उजनीचं आहेच. पण नीराही वर नरसिंहपूरला भीमेला मिळते, काकू."

"म्हंजी आपलं पाणी आपल्या आधी पोचलं."

त्यांनी वाकून तांब्या भरला, पदराच्या टोकानं त्याचं तोंड घट्ट बांधलं.

"देवघरात ठेवणार?"

"थोडं देवाला. बाकी वरच्या रानात नेऊन शिंपडते."