तहसील म्हणतं गेले, बँक म्हणते आले नाहीत

श्रावणबाळचे, म्हणजे गरीब म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शनचे पैसे बंद झाले म्हणून म्हातारी माणसं माझ्याकडे नेहमीच येतात. मी शहादा तालुक्यातल्या एका गावात बँक मित्र आहे, म्हणजे बँकेच्या वतीने गावातच पैसे काढून देतो, त्यासाठी एक खोली, लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन आणि पावती काढायचा छोटा प्रिंटर. बऱ्याच केसेस सोप्या असतात, कोणाचा हयातीचा दाखला राहिलेला असतो, कोणाचं आधारवर नाव वेगळं लागलेलं असतं. पण मागच्या कापूस वेचणीच्या दिवसात आलेल्या एका मायची केस लिहायलाच हवी, कारण असं अजून किती जणांचं झालं असेल या विचाराने मला आजही त्रास होतो.

वय सत्तरीच्या पुढे, नवरा वारला, मूलबाळ नाही, भाच्याच्या घराशेजारी कुडाच्या झोपडीत राहते. आल्या आल्या म्हणाली, "भाऊ, मी काय मरी गयी का? मना पैसा का बरं येत नही?" कोणीतरी तिला सांगितलं होतं की तू यादीत मयत दाखवली असशील, म्हणून तिने एका एजंटाला तीनशे रुपये देऊन हयातीचा नवीन दाखला काढला होता आणि तो प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुकासोबत घडी करून ठेवला होता. तहसीलमध्ये सांगितलं आमच्याकडून पैसे गेलेत. बँकेत सांगितलं खात्यात आलेच नाहीत. मधे काय झालं ते शोधायचं काम कोणाचंच नव्हतं.

आणि दोघंही खरं बोलत होते! आधी तहसीलमधून यादी बँकेत जायची, यादीत खाते नंबर असायचा, त्या खात्यात पैसे पडायचे. २०२४ च्या डिसेंबरपासून निराधार आणि श्रावणबाळचे पैसे डीबीटीने यायला लागले, म्हणजे वरून आधार नंबरवर पैसे सुटतात आणि त्या आधारला जी बँक शेवटची लिंक झालेली असेल तिथे जाऊन पडतात. तुमच्या हातात कुठलं पासबुक आहे याच्याशी सिस्टीमला काही देणंघेणं नाही. आमच्याच तालुक्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० ला पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आल्या होत्या, देशातलं पहिलं आधार तिथे दिलं गेलं, त्यामुळे आधार नाही असा माणूस इकडे सापडणं अवघड. आधार कुठे कुठे जोडलं गेलंय हेच माणसाला माहीत नसतं.

मी विचारलं माय, दुसरं खातं आहे का? नही म्हणे. बचत गटात कुठे अंगठा दिला? नही. मग विचारलं मोबाईल कोणाचा, तर म्हणाली सिम माझ्या नावावर आहे, शहाद्याच्या बाजारात छत्री लावून बसलेल्या पोराकडून घेतलं, त्याने दोनदा अंगठा घेतला. दोनदा म्हटल्यावर मला शंका आली, एक अंगठा सिमचा आणि दुसरा कशाचा?

बँक कुठली लिंक आहे ते आधारच्या वेबसाईटवर दिसतं पण त्याला ओटीपी लागतो, आणि ते सिम होतं भाच्याच्या मोबाईलमध्ये, आणि भाचा होता बारडोलीकडे ऊसतोडीला. फोन लावला तर तो ओटीपी द्यायला तयार होईना. "ओटीपी कोनले सांगानं नही असं म्हनतस ना भाऊ, मावशीले फोन द्या पहिले." मला त्याचं कौतुकच वाटलं. मावशीशी बोलला, मग आकडे वाचून दाखवले. स्क्रीनवर नाव आलं ते त्या सिमवाल्या कंपनीच्या पेमेंट बँकेचं. म्हणजे दुसरा अंगठा तिथलं खातं उघडायचा होता, आणि मायने ते नाव फक्त सिमच्या कव्हरवर पाहिलेलं!

आता पैसे आहेत का ते बघायला परत अंगठा. जन्मभर निंदणी, कापूस, मिरची तोडणी केलेला हात, अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नाहीत, वर बोंडाच्या टोकांनी पडलेल्या चिरा. ओल्या फडक्याने पुसलं, थोडं व्हॅसलीन लावलं, मशीनची काच पुसली, एकेक बोट लावत गेलो आणि डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. पावती निघाली, शिल्लक १३,५०० रुपये. नऊ महिन्यांचे पंधराशे पंधराशे तिथे पडून होते आणि इकडे तिने बीपीच्या गोळ्या बंद केल्या होत्या, शेळी विकली होती, किराणाची उधारी वेगळी. रेशनचं धान्य चालू होतं, जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे, म्हणून दोन वेळ पोटात काही जात तरी होतं.

या योजनेत बसायला वर्षाचं उत्पन्न २१ हजाराच्या आत दाखवावं लागतं, म्हणजे दिवसाला साठ रुपये सुद्धा नाही. एवढ्या गरीब माणसाला पंधराशे म्हणजे सगळा महिनाच.

डीबीटी वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. माझ्या आजीचे पैसे वाटणारा माणूस दर वेळी त्यातले काढून घ्यायचा हे मी डोळ्यांनी पाहिलंय, ती लूट थांबली हे फार चांगलं झालं. पण तो मधला माणूस काढताना, पैसे अडकले तर कोणाला विचारायचं तो माणूसही काढून टाकला आणि शोधाशोधीचा सगळा भार ज्याला वाचताही येत नाही त्याच्यावर टाकला, हे मला चुकीचं वाटतं. पैसे कुठल्या बँकेत गेले हे सिस्टीमला माहीत असतंच, नाहीतर गेलेच नसते. मग तेवढं बँकेचं नाव तलाठ्याकडच्या यादीत का येऊ नये?

एका वेळी दहा हजाराच्या वर अंगठ्याने निघत नाही म्हणून त्या दिवशी दहा हजार दिले आणि बाकीचे दुसऱ्या दिवशी. मायने नोटा दोनदा मोजून घेतल्या, आधी किराणावाल्याकडे जाते म्हणाली. मग तिच्या जुन्या बँकेत संमतीचा फॉर्म भरून आधार परत तिकडे जोडून घेतलं, पुढचा हप्ता पासबुकावर आला.

त्यानंतर पैसे बंद म्हणून जो येईल त्याचं बँक सीडिंग, म्हणजे आधार कुठल्या बँकेला जोडलंय, ते मी पहिले बघतो, आणि गावात अजून काही जणांचे पैसे असेच दुसरीकडे पडलेले सापडले. ग्रामसभेत हा विषय घेऊन ठराव केला, प्रत्येक लाभार्थ्यापुढे बँकेचं नाव टाकलेली यादी ग्रामपंचायतीत लावा अशी मागणी तहसीलला दिलीय, उत्तर अजून आलेलं नाही. तोवर तुमच्या घरात, शेजारी कोणाचे पैसे बंद असतील तर नवीन दाखल्यांवर पैसे घालवू नका, आधी त्यांचं आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते बघा.