गुडघ्यातून जाणारी क्षितिजरेषा

गेल्या रविवारी संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीवर सात ते नऊ वर्षांच्या अकरा मुलांना चित्राचा विषय दिला: इथल्या भटक्या कुत्र्याला ही गर्दी कशी दिसत असेल?

‘कुत्रा काढा’ म्हटलं की जीभ बाहेर काढलेला, एका बाजूने दिसणारा कुत्रा येतो. पाठ केलेला. म्हणून पहिली दहा मिनिटं कागद देत नाही. मांडी घालून पुढे वाकायचं. डोळे जमिनीपासून दीड फुटावर येतात आणि क्षितिजरेषा, म्हणजे नजरेच्या उंचीवरची आडवी रेषा, डोळ्यांबरोबर खाली उतरते. सपाट जागेवर ती उभ्या असलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या गुडघ्याजवळून जाते, माणूस जवळचा असो की लांबचा. मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही, दिसतं.

मग मोठा, ए-थ्री आकाराचा कार्ट्रिज कागद (जाडसर, किंचित खरखरीत) आणि ऑइल पेस्टल, म्हणजे तेलकट रंगखडू. पेन्सिल नाही, खोडरबर मिळाला की बघणं थांबतं. आधी फिकट रंग, मग गडद. दोन-तीन थरांनंतर कागदाचा खरखरीतपणा भरून जातो आणि रंग धरत नाही, नुसता घसरतो.

एका आईने मागून विचारलं, “ताई, चेहरे कुठायत?” चित्रस्पर्धांनी पालकांनाही तेच शिकवलंय: हसरे चेहरे, काळी बाह्यरेषा, कागदाचा कोपरान्‌कोपरा भरलेला.

पण त्या दिवशी चुकले मी. आठ वर्षांच्या एका मुलीने अर्धा कागद व्यापणारा एकच काळा बूट काढला. ज्याची भीती किंवा ओढ वाटते ते मुलं बरेचदा मोठं काढतात, हे मला माहीत आहे. तरी ‘प्रमाण चुकलं’ म्हणत, बूट लहान करून दाखवायला मी पट्टीच्या कडेने पेस्टलचा थर खरवडला.

ती म्हणाली, “ताई, तुम्ही खाली बसा ना.”

बसले. भेळेच्या गाडीशी उभ्या माणसाचा बूट वीतभर अंतरावर होता. त्याच्यामागची बरीचशी जमीन झाकली गेली होती. तिचं प्रमाण अचूक होतं.

तो बूट तिला जवळून मोठा दिसला, की आपल्या अंगावर येईल असं वाटलं? कुत्र्याच्या जागी बसवलं होतं ते याच प्रश्नासाठी, आणि नेमका तोच विचारायचा राहिला.

खरवडलेल्या जागी तिने तीनदा काळा लावून पाहिला. कागद गुळगुळीत झाला होता, रंग बसेना. तेवढा भाग कापून मागून त्याच कागदाचा तुकडा चिकटवून देते म्हटलं. ती नको म्हणाली आणि वर बटर पेपर ठेवून चित्र घरी घेऊन गेली.