चौदा सुरांचे पैसे

शुक्रवार, रात्री उशिरा

या आठवड्यात द्वोर्झाकची नववी सिम्फनी. तिच्या लार्गो या संथ दुसऱ्या मूव्हमेंटमधला (भागातला) कॉर आंग्ले, म्हणजे ओबोचाच खालच्या सुरांचा मोठा भाऊ, आमच्या ऑर्केस्ट्रात दुसऱ्या ओबोवाल्याच्याच गळ्यात पडतो, म्हणजे माझ्या. दोन वाद्यं वाजवली की ‘डबलिंग’चा भत्ता मिळतो. आज तालमीच्या सुट्टीत ट्यूबावाला (ट्यूबा म्हणजे पितळेचं भलंमोठं, फुंकायचं वाद्य) म्हणाला, “तू दोन वाद्यं वाजवतोस, मी चौदा सूर!” खरंच, अख्ख्या सिम्फनीत ट्यूबाला चौदाच सूर आहेत. पण भत्ता सोडला तर पैसे दोघांना सारखेच. तालीम असो की कॉन्सर्ट, एक ‘सर्व्हिस’ धरतात. सूर कोणी मोजत नाही. मला त्यात काही वावगं वाटत नाही. पहिली मूव्हमेंट संपेपर्यंत गार पडलेलं वाद्य मांडीवर घेऊन बसायचं आणि लार्गो सुरू होताच एकदम हळू, पण नेमका सूर लावायचा. मला जमणार नाही.

माझं दुखणं वेगळंच आहे. सर्व्हिसमध्ये न धरलेले तास. गेले तीन दिवस घरी आल्यावर रीड, म्हणजे ओबोच्या तोंडाशी लावून फुंकायची वेताची पट्टी, तासतोय. वेताचा तुकडा, दोरा, चाकू. पाचांतली एखादी नीट वाजते, तीही आठवडाभरात मरते. कॉर आंग्लेच्या रीड वेगळ्या, म्हणजे दुप्पट काम. आज रीडचा खर्च आणि तास मांडून बघितले, तर भत्ता त्यातच विरघळला. वही मिटून टाकली.

व्हायोलिनवाल्यांसमोर मात्र हे रडगाणं गाऊ नये. त्यांच्यातल्या काहींचं वाद्याचं कर्ज घराच्या कर्जाशी स्पर्धा करतं, आणि गजाची किंमत वेगळी.

घरमालक तर पगाराआधी आवाजाचं विचारतो. सरावाला चालेल असं घर म्हणजे भाडं जास्त, नाहीतर हॉलपासून लांब. दौऱ्यावर जेवणखाणाचा भत्ता मिळतो तेव्हा अर्धा ऑर्केस्ट्रा हॉटेलच्या नाश्त्यावरच दिवस काढतो आणि उरलेले पैसे घरी आणतो. मीही आणतो.

कायमची जागा मिळाली की सुटलो, असं शिकताना वाटायचं. जर्मनीत बहुतेक ऑर्केस्ट्रांना सामूहिक वेतनकरार आहे. पण लंडन सिम्फनी हा ऑर्केस्ट्रा १९०४ मध्ये वादकांनीच काढला, तिथले वादक आजही स्वयंरोजगारवाले. अमेरिकेतल्या मिनेसोटा ऑर्केस्ट्राला तर ऑक्टोबर २०१२ मध्ये व्यवस्थापनाने टाळं लावलं ते २०१४ उजाडेपर्यंत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या वादकांना एप्रिल २०२० पासून जवळपास वर्षभर पगार नव्हता. मोठं नाव असूनही.

उद्या सकाळी पुन्हा तालीम. निळ्या दोऱ्याची रीड वरच्या सुरात जरा चिरकते आहे. अजून अर्धा तास तासून बघतो. याचे पैसे कोणत्या सर्व्हिसमध्ये धरायचे, ते ट्यूबावाल्यालाच विचारेन.