दिसली नाहीस

रविवार, ३० मार्च २०२५, रात्री उशिरा

"अगं, तू आली नव्हतीस का पाडव्याच्या शोभायात्रेला? दिसली नाहीस." श्रीखंडाची वाटी हातात देताना काकू जिन्यात एवढंच म्हणाल्या. मी "होते की" म्हणून वर आले. तेव्हापासून खुपतंय.

होते की! पोलीस चौकीत तीन खेपा घातल्या. ढोल किती, ताशे किती, पेरुगेटहून कुमठेकर रस्त्याने शनिपारला किती वाजता, सगळं लिहून दिलं. पथकाला आठची वेळ हवी होती. उन्हं चढायच्या आत निघायचं, सात म्हणजे सात, हे मी गळी उतरवलं. फेट्यांना पिना कमी पडल्या तेव्हा माझ्या साड्यांच्या काढून दिल्या. आणि बॅनर! काल रात्री आला तो 'शके १९४६' लिहूनच. छापणाऱ्याचा फोन बंद. साडेअकराला पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवून मार्करने सहाचा सात केला. नवीन वर्ष आणलं मी, अक्षरशः.

सकाळी मात्र सगळ्यात मागे, पाण्याच्या टेम्पोपाशी. पुढे नऊवारीतल्या मुली बुलेटवर, मग लेझीम, मग पथक. पथकातल्या टोलच्या थाळीचा ठणठणाट तेवढा माझ्यापर्यंत पोचत होता. शनिपारला गेले तर फोटो उरकून मंडळी पन्ह्याला लागलेली. आईची नथ मुद्दाम घातली होती. असो.

दिसली नाहीस. कशी दिसणार? बैठकीत "मी मागे थांबते" म्हणणारी मीच. वाटलं होतं, कोणीतरी म्हणेल, छे, तू पुढे हवीस. सदाशिव पेठेत राहून आग्रहाची वाट बघत बसले, म्हणजे चूक माझीच. अहोंना सांगितलं तर, "मग पुढे चालायचंस." संपलं.

आत्ता सगळे फोटो पुन्हा चाळले. एकात एक बांगड्यांचा हात आहे. माझा असावा, किंवा टेम्पोवाल्या दादांच्या बायकोचा. बॅनर मात्र जवळजवळ प्रत्येकात आहे. सात जरा तिरकाच आलाय. शेवटच्या फोटोत कागदाचं एक टोक सुटून वाऱ्यावर उभं राहिलंय आणि काकू नेमक्या त्याच्याखाली. डोक्यावर फेट्याचा तुरा असावा तसं दिसतंय.

वाटी परत द्यायला जाईन तेव्हा दाखवीन त्यांना.