श्वास लवकर परततो, शीर उशिरा

मागच्या वर्षी नोव्हेंबरात, वयाच्या ५६ व्या वर्षी, मी पुन्हा धावू लागलो. त्यामागे तब्येतीचे कारण नव्हते. दारव्हा तालुक्यातील आमच्या गावात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या चार मुली पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर धावत असत. भरतीत मुलींना ८०० मीटर आणि मुलांना १६०० मीटर धावावे लागते व गुण वेळेवर ठरतात, म्हणून वेळ मोजायला त्यांना कोणीतरी हवे होते. चौघीही माझ्याच शाळेत शिकलेल्या असल्यामुळे ते काम माझ्याकडे आले आणि मी मोबाईल व बॅटरी घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहू लागलो. एका पहाटे दाट धुके होते आणि चौघींपैकी एकच आली. त्या दिवसांत रस्त्यावर कुत्र्यांचा त्रास होता. "सर, तुम्हीच चला ना संगं," ती म्हणाली. मी निघालो आणि अडीचशे मीटरवर माझा श्वास संपला. थांबू नकोस असे मीच तिला हाताने खुणावले. तिच्या पावलांचा आवाज धुक्यात पुढे जात जात ऐकू येईनासा झाला आणि मी गुडघ्यांवर हात ठेवून तेथेच उभा राहिलो. सोबत द्यायला निघालेला माणूस पाव किलोमीटरही सोबत देऊ शकला नाही, ही गोष्ट मला फार लागली.

लागण्याचे कारण असे की कधीकाळी मी चांगला धावत असे. यवतमाळहून दारव्ह्यामार्गे मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला ही नॅरोगेज गाडी आमच्या शिवाराजवळून जाई. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते, आणि चढावर ती इतकी मंदावत असे की आम्ही पोरे धुऱ्याधुऱ्याने तिच्याबरोबर धावायचो. पुढे शिकायला अमरावतीला गेलो. १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे त्या शहरात व्यायामाला मान होता, सकाळी मैदानावर जाणारा मुलगा तेथे कोणाला वेगळा वाटत नसे. मी ५००० मीटर धावायचो. मग नोकरी लागली, लग्न झाले, शेती आली, आणि एक दिवस सुटलेले धावणे ३२ वर्षे सुटूनच राहिले. आता शकुंतलाही बंद आहे आणि तिच्या रुळांवर गवत वाढले आहे.

पुन्हा सुरुवात केली तेव्हा निदान घाई करायची नाही, एवढे मला कळत होते. एक मिनिट धावायचे, दोन मिनिटे चालायचे, असे आठ वेळा करायचे, आणि आठवड्यातून तीनच दिवस जायचे, असे मी ठरवले. वेगासाठी मी घड्याळ वापरले नाही. धावताना सलग बोलता आले तर वेग योग्य आहे, ही जुनी आणि भरवशाची कसोटी आहे, परंतु पहाटे एकटा माणूस बोलणार कोणाशी? म्हणून मी एकोणतीसचा पाढा म्हणू लागलो. पाढा न अडखळता दहापर्यंत गेला तर वेग बरोबर, मध्ये श्वास घ्यायला थांबावे लागले तर जास्त. इतकी वर्षे मुलांकडून पाढे घोकून घेणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगले साधन मिळाले नसते, आणि अजूनही मी तेच वापरतो.

गावात मोठा माणूस धावताना दिसला की लोकांच्या काळजात धस्स होते, कारण गंजीला आग लागली, कोणाला पान लागले म्हणजे साप चावला किंवा बैल सुटला, तरच तो धावतो. पहिल्या आठवड्यात शेजारचे एक म्हातारबा काठी टेकत रस्त्यापर्यंत आले आणि त्यांनी विचारले, "काऊन धावून राहिले मास्तर? घरी काही झालं का जी?" त्यांच्या आवाजातली काळजी खरी होती. मी थांबून त्यांना सगळे सांगितले आणि तेव्हापासून त्या वाटेवर मला कोणी अडवले नाही.

सहा-सात आठवड्यांत श्वास परत आला. जानेवारीत मी वीस मिनिटे सलग धावत होतो, पाढा कधी संपला तेही कळत नव्हते, आणि येथेच माझी चूक झाली. श्वासाला त्रास होत नाही म्हणजे सगळे शरीर तयार झाले, असे मी समजलो. तीनाचे पाच दिवस केले आणि अंतर एकदम दुप्पट केले. नवव्या आठवड्यात एका सकाळी खाटेवरून उतरून पहिले पाऊल टाकले तेव्हा उजव्या टाचेच्या वरची शीर अशी ओढली गेली की भिंत धरावी लागली. बोटांनी चाचपून पाहिले तर तेथे बोराच्या आठळीएवढी गाठ लागत होती. चार पावले चालल्यावर दुखणे कमी होई आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तसेच. ज्या डॉक्टरांना प्रथम दाखवले त्यांनी पायाला हातही न लावता, या वयात धावणे सोडा, असे सांगितले. त्या वाक्याने मला शिरेपेक्षा जास्त दुखावले.

पुढे यवतमाळच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी जे समजावले ते उतारवयात पुन्हा धावू पाहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावे, असे मला मनापासून वाटते. सराव सुरू झाला की हृदय आणि रक्ताभिसरण काही आठवड्यांत सुधारते, स्नायूंनाही भरपूर रक्त मिळत असल्यामुळे तेही बऱ्यापैकी लवकर सावरतात, परंतु स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा, जिला आपण शीर म्हणतो, तिला रक्त कमी मिळते आणि तिला भार सोसायची सवय व्हायला महिने लागतात. धावताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार जमिनीवर येतो, म्हणजे माझ्या ७४ किलोंचे दीडशे ते सव्वादोनशे किलो होतात. तरुणपणीही हा फरक असतोच, पण वय वाढले की शीर चूक पोटात घेत नाही.

उपाय साधा होता, मात्र चिवटपणा मागणारा होता. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून दोन्ही पायांवर उंच व्हायचे, मग चांगल्या पायाचा भार काढून दुखऱ्या पायाची टाच सावकाश पायरीच्या खाली न्यायची. असे १५ वेळा, त्याचे तीन फेरे गुडघा सरळ ठेवून आणि तीन गुडघा वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. आमच्या ओसरीची पायरी दगडी असून मध्यभागी झिजलेली आहे, म्हणून मी डावीकडच्या कोपऱ्यात, खांबाला हात लावून उभा राहत असे. मोजायचे काम माझ्या पाच वर्षांच्या नातवाने घेतले. अकरानंतर तो बारा विसरत असे आणि पुन्हा दहापासून सुरू करत असे, त्यामुळे माझे १५ बहुधा १८ होत. महिन्याभराने पाठीवरच्या दप्तरात पाच किलो तूरडाळ घालून भार वाढवला. एप्रिल संपता संपता गाठ हाताला लागेनाशी झाली.

त्या काळात मला क्लिफ यंगचा आधार वाटला. ऑस्ट्रेलियातील बटाटे पिकवणारा हा शेतकरी १९८३ मध्ये ६१ व्या वर्षी सिडनी ते मेलबर्न ही ८७५ किलोमीटरची शर्यत ५ दिवस १५ तासांत जिंकला. पाय फारसे न उचलता घासत घासत धावण्याची त्याची पद्धत होती. त्याच्याशी माझी तुलना होऊ शकत नाही, परंतु त्याच्यामुळे मी माझी लांब टांग सोडली. छोटी पावले टाकली की एकेका पावलावरचा भार कमी होतो, हे टाचेने मला लगेच सांगितले.

आमच्याकडे जमीनही धावणाऱ्याला विचारात घ्यावी लागते. मे महिन्यात काळ्या मातीला अशा भेगा पडतात की अंधारात पाऊल अडकून घोटा मुरगळावा, आणि नवतपात, म्हणजे उन्हाळ्याच्या सर्वात तापलेल्या नऊ दिवसांत, तर पहाटे साडेचारलाही हवा गरम असते, म्हणून ते दिवस मी फक्त चाललो. पावसाळ्यात पांदणीवर, म्हणजे शेतवाटेवर, बुटाला किलो किलो चिखलाचा गारा चिकटतो, तेव्हा डांबरी रस्ताच बरा. खरा आनंद दिवाळीनंतरचा. पांदण वाळून मऊ होते, दोन्ही बाजूंना तूर उभी असते, दहिवर पडलेले असते, आणि एखादा रोही, म्हणजे नीलगाय, तुरीतून मान वर करून पाहतो व वाटेतून एका झेपेत पलीकडे जातो. माझ्या टाचेला ती मऊ वाट मानवते.

आता मी आठवड्यातून चार दिवस धावतो आणि ५ किलोमीटरला मला ३८ मिनिटे लागतात. ती मुलगी मागच्या भरतीत थोडक्यात राहिली, पुन्हा तयारी करते आहे. पहिले ८०० मीटर आम्ही बरोबर निघतो. ती पुढे जाते, पण तिच्या पावलांचा आवाज मला शेवटपर्यंत ऐकू येतो. पायरीचा व्यायाम मी सोडलेला नाही. आजचे वाकवलेल्या गुडघ्याचे शेवटचे १५ अजून बाकी आहेत, आणि नातू ओसरीत येऊन बसला आहे. त्याला आता बारा येते.