पत्र्याच्या खोलीतली कॅसेट

शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी आठवणी लिहा असा मेसेज ग्रुपवर आला आणि डोळ्यांसमोर आली ती आपली पत्र्याची खोली आणि चटईवर बसलेले आपले तबल्याचे सर. शाळेबद्दल बाकीचे लिहितीलच, मी फक्त सरांबद्दल लिहितो.

२००१ साल, मी नववीत. मामाने दिल्लीहून 'इंडियन ओशन' बँडची 'कंदिसा' कॅसेट आणलेली, आदल्याच वर्षी आली होती ती. मधल्या सुट्टीत मी सरांच्या टेपवर गुपचूप लावली आणि बघतो तर सर दारात! वाटलं आता कान पिळणार, कारण गिटारबिटार सरांना चालणार नाही असं आम्ही धरूनच चाललो होतो. पण सर काही न बोलता येऊन बसले. 'मा रेवा' चालू होतं. रेवा म्हणजे नर्मदा, आपल्या सातपुड्यापलीकडची, धडगावच्या अंगाची, आणि बँडमधले राहुल राम नर्मदा आंदोलनात काम केलेले. सर बोटांवर मात्रा मोजत होते, दोनदा मागे घ्यायला लावलं, मग चष्मा वर करून कव्हर वाचलं आणि म्हणाले, "हे असीम चक्रवर्ती तबला पण वाजवतात आणि गातात पण? मग उद्यापासून तू पण."

तेव्हापासून रोज शाळा सुटल्यावर शिपाईकाका कुलूप घेऊन येईपर्यंत दादरा, म्हणजे सहा मात्रांचा ताल. गायला लागलो की माझा डावा हात उचलला जायचा आणि डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या मोठ्या वाद्याचा, घुमणारा आवाज, तो घुमारा, जायचा. सरांनी मनगटावर चार आण्याचं नाणं ठेवलं, पडलं की पहिल्यापासून. दिवाळीपर्यंत पडतच होतं, सर एकदाही चिडले नाहीत.

आज मी पुण्यात लाइव्ह साउंड करतो, मोठमोठ्या बँडच्या तबल्याला माईक लावतो, तो घुमारा कुठे असतो हे मला सरांमुळेच कळतं. २५ डिसेंबर २००९ ला असीमदा गेले तेव्हा पहिला फोन सरांना केला. १९९० पासून चालत आलेला बँड, आता संपला असंच वाटलं होतं मला. पण २०१० मध्ये त्यांनी '१६/३३० खजूर रोड' काढला, त्यात असीमदांचा आवाज आहे, आणि गाणी नेटवर फुकट दिली. पुढे तबल्यावर तुहीन चक्रवर्ती आले, गायला हिमांशू जोशी. २०१३ ला गिटारवाले सुस्मित सेनही बाहेर पडले तरी बँड चालूच राहिला. सरांना सांगितलं की एका माणसाच्या जागी दोघं लागले, तर सर म्हणाले, "लागणारच रे."

ती खोली पाडून तिथे आता कॉम्प्युटर लॅब झालीये, तबल्याचा तास तर कधीच बंद झाला, फार वाईट वाटतं. तबला-डग्ग्याची जुनी जोडी स्टोअरमध्ये पडून आहे असं ऐकलं. पुड्या, म्हणजे वरची कातडी, मी माझ्या खर्चाने बदलून देतो, वाद्या, म्हणजे ती ताणणाऱ्या चामड्याच्या पट्ट्या, ओढून आणतो, फक्त आठवड्यातून एक तास तेवढा पुन्हा ठेवा.