दिल्ली दरवाजा: चित्रातला आणि समोरचा

मे महिना संपता संपता मुद्दाम सकाळच्या वेळी शनिवारवाडा गाठला. स्वारगेटहून मेट्रोने कसबा पेठ, तिथून चालत. पिशवीत दिल्ली दरवाजाच्या एका जुन्या जलरंगचित्राची मोठी प्रत होती. मूळ चित्र आमच्याकडे साताऱ्यात, एका स्नेह्यांच्या घरी आहे. त्यावर सही नाही, सालही नाही.

दरवाजा उत्तराभिमुख. हिवाळ्यात त्याच्या दर्शनी बाजूला ऊन लागत नाही. चित्रात मात्र डावीकडून तिरपं ऊन आलंय आणि डाव्या बुरजाची सावली दारावर पडलीय. डावीकडे पूर्व. म्हणजे उन्हाळ्यातली सकाळ! प्रत हातात धरून पटांगणात उभी राहिले, तर समोर बुरजाची सावली तशीच दारावर उतरलेली. चित्रकार याच दिवसांत इथं बसला असणार, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

चित्रातलं आभाळ तांबूस आहे, पण त्यावरून संध्याकाळ समजायची नाही. करड्या ढगांसाठी तेव्हाचे चित्रकार निळीत तांबडा मातीरंग मिसळत. उजेडाने नीळ उडते, तांबडा तेवढा टिकतो.

मापांच्या बाबतीत मात्र चित्रावर विसंबू नये. हत्तीची धडक थोपवायला प्रत्येक कवाडावर नऊ बाय आठ, असे 72 अणकुचीदार खिळे आहेत. चित्रात जेमतेम वीसेक ठिपके. माणसंही फार छोटी काढलीत. वास्तू भव्य दिसावी म्हणून त्या काळी असं सर्रास करत.

मला सगळ्यात बोलकी वाटली ती तटावरची मोकळी जागा. चित्रात दरवाजावरचा नगारखाना शाबूत आहे, पण मागे एकही छप्पर नाही. वाडा सातमजली होता, वरून आळंदीच्या देवळाचा कळस दिसे असं सांगतात. एवढी इमारत तटामागे लपेल कशी? पटांगणाच्या पार टोकापर्यंत मागे सरकत मी ते पाहून घेतलं. 27 फेब्रुवारी 1828 ला लागलेल्या आगीत आतला वाडा खाक झाला, नगारखाना वाचला. त्यामुळे चित्र आगीनंतरचं, असंच मी धरते.

स्नेह्यांना तिथूनच फोन केला. ते चौकट उघडायला तयार आहेत. कागद व्हॉटमन या इंग्रज कागद-कारखानदाराचा निघाला, तर उजेडासमोर धरल्यावर जलचिन्हात, म्हणजे कागदातच उमटवलेल्या खुणेत, सालही सापडू शकतं. कागद 1828 च्या आधीचा असला तरी बिघडत नाही, चित्र नंतर काढलेलं असू शकतं. पण साल नंतरचं निघालं, तर प्रश्नच मिटला.